मोटेसाठी चरबी

"जरा जास्त काढ," आबाराव म्हणाले. "मोटंचं कातडं लई वाळलंय."

गुलाब खाटकाने बकऱ्याच्या मागच्या फऱ्यावरची चरबी सोलून बाजूला ठेवली. मटण रस्त्याच्या दुष्काळी कामावरच्या साहेबाचं होतं, आणि साहेबाला चरबीचा कणही चालत नसे. ती चरबी दर रविवारी आबाराव पळसाच्या पानात बांधून न्यायचे, फुकटच. विहिरीचं पाणी ओढायच्या मोटेच्या कातड्याला चोळायची चरबी तामलवाडीत कुणीच विकत घेत नसे.

बहात्तर साल होतं. अर्धं गाव खडी फोडायला गेलं होतं. तीस एकरांचे आबाराव गेले नव्हते. त्यांनी कुणाची भाकरीही घेतली नव्हती. माणसाने इतकं ताठ राहू नये, पण ते राहिले.

एकदा गुलाब शेळी बघायला त्यांच्या मळ्यावरून चालला होता. सहज विहिरीत डोकावला. तळाला नुसती माती. मोट बाभळीला टांगलेली, उन्हाने तडकलेली. तिला वर्षभरात चरबीचं बोट लागलेलं नव्हतं. वस्तीवर आबारावांची सून कडूबाई तव्यात चरबी कढवत होती. दोन नातवंडं हातात रेशनच्या मिलो ज्वारीची कोरडी भाकरी धरून तव्याकडे बघत बसली होती. कडूबाईने मान वर केली, तसा गुलाब आल्या पावली मागे फिरला. त्याला स्वतःचीच लाज वाटली. इतके रविवार आपल्याला कसं कळलं नाही?

पुढच्या रविवारी त्याने सुरी मुद्दाम खोल घातली. चरबीला बोटभर मटण राहू दिलं आणि पुडकं पुढे केलं.

आबारावांना ते जड लागलं. त्यांनी पान सोडून पाहिलं.

"सुरी बोथट झालीया, आबा," गुलाब म्हणाला. "ऱ्हायलं जरा."

आबारावांनी सुरी उचलून अंगठ्यावर धार पाहिली. मग त्याच सुरीने चरबीवरचं मटण सोडवून साहेबाच्या वाट्यात टाकलं. एक धागाही त्यांनी राहू दिला नाही.

"मोट मटन खात न्हाय," ते म्हणाले.

चरबी तशीच ओंडक्यावर ठेवून ते निघाले. गुलाबच्या डोळ्यांसमोर ती दोन पोरं आली.

"आबा, चरबी तरी न्या. मोटंला."

आबाराव दुकानाच्या दारात थांबले. मागे वळले नाहीत.

"आता कशाला?" ते म्हणाले. "इहीर तर तू बघून गेलास."