सीट पुढे घे

“सीट पुढे घे आधी,” थोरला म्हणाला. “पाय पुरत नाहीत तुझे.”

धाकटीने सीटखाली हात घालून चाचपलं. सीट मात्र होती तिथेच राहिली, वडिलांच्या लांब पायांच्या मापाने मागे सरकवलेली.

“राहू दे. फाटकापर्यंतच तर न्यायचीय.”

गाडी फाटकापर्यंत आली, दोन आचके दिले आणि बंद पडली. मग काही केल्या सुरू होईना. फाटकाबाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक कपाळाला आठ्या घालून बघत होतं.

“काल तर बरी होती,” थोरला म्हणाला.

“बाबाही आदल्या दिवशी बरेच होते.”

 उद्या थोरला परत जाणार होता, तिकडे, त्याच्या देशात. घर रिकामं झालं होतं, कपाटं गेली होती. उरली होती ती ही गाडी. ती आज विकली नाही, तर मागे राहणार होती. त्याने घड्याळ पाहिलं, मिस्त्रीला फोन लावला, पुन्हा घड्याळ पाहिलं.

मिस्त्री स्कूटरवरून आला. गाडी नवी होती तेव्हापासून तिला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नव्हता. त्याने बॉनेट उघडलं.

“मार चावी.”

धाकटीने चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरलं.

“बॅटरीत दम आहे.” त्याने एक प्लग काढून तपासला. “ठिणगीही पडतेय.”

“म्हणजे किरकोळच ना काहीतरी?” थोरल्याने विचारलं.

“डॉक्टरला घाई केली की तो नको तिथे कापतो, साहेब.”

मिस्त्री मागे गेला, वाकला आणि टाकीपाशी कान नेला. “पुन्हा मार.”

तिने पुन्हा चावी फिरवली. मिस्त्री बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग उठून त्याने गुडघे झटकले. आरशात त्याची आणि धाकटीची नजरानजर झाली.

“पेट्रोलचा पंप तर वाजतोय,” तो म्हणाला. “म्हणजे दुखणं आत आहे. इंजिन उतरवावं लागेल.”

“उतरवून चालू होईल?” गिऱ्हाईकाने विचारलं.

“उतरवल्यावर कळेल.”

“मग नको बुवा. विकतचं दुखणं कोण घेतं?” गिऱ्हाईक चालू लागलं. थोरला त्याची मनधरणी करत त्याच्यामागे कोपऱ्यापर्यंत गेला.

मिस्त्रीने बॉनेट लावलं, फडक्याला हात पुसले.

“ऊठ जरा, पोरी.”

धाकटी उतरली. सीट न सरकवता तो तिच्या टोकावर बसला. त्याने खाली हात घातला. बारीकसा खटका वाजला. त्याने चावी अर्धीच फिरवली, आणि मागे टाकीत पंप गुणगुणू लागला.

धाकटी जमिनीकडे बघत राहिली.

“पंप बंद करायचं हे बटण तुझ्या बाबांनी चोरांसाठी बसवून घेतलं होतं, माझ्याकडूनच,” असं म्हणत त्याने तो खटका पुन्हा बंद केला. “पुढचं गिऱ्हाईक यायच्या आधी मला फोन करत जा. एकच दुखणं दोनदा खपत नाही.”