आयती धार

“अंगात दूधच नाही, तर लेकरू काय वारा पिणार?” सासूनं दारातूनच तोफ डागली.

सून पलंगावर बाळाशी झगडत होती. दूध तर कपडे भिजवून ठिबकत होतं. पण छातीशी धरलं की बाळ किंचाळायचं, पाठ ताठ करून तोंड फिरवायचं. पोटच्या पोरानं झिडकारावं, याहून मोठा अपमान कुठला?

“दूध आहे, आई. तुम्ही आधी डोक्यावर उभ्या राहू नका.”

“घर माझं आहे. कुठं उभं राहायचं ते तू सांगणार?”

बाळ घरी आल्यापासून दोघींचं विळ्याभोपळ्याचं सख्य. लंगोटावरून वाद, पंख्यावरून वाद. मधल्या मध्ये नवरा मूग गिळून बसायचा. तो घड्याळं दुरुस्त करायचा. मान खाली, तोंड बंद. बाळ रडलं की मात्र गोड बोलून पुढं व्हायचा. “तू पड जरा, मी बाटली देतो.” बघता बघता बाटली रिकामी. “माझ्याकडे पितं की!” म्हणायचा. सासूच्या टोमण्यांपेक्षा हे वाक्य सुनेला जास्त झोंबायचं.

आज तो दुकानात गेला होता. बाळ रडून रडून लाल झालं. शेवटी सून हरली.

“द्या बाटली. आता कायमची बाटलीच द्या.”

सासू ठसक्यात बाटली भरून घेऊन आली. दूध फार गरम तर नाही, हे बघायला तिनं ती मनगटावर उलटी केली. थेंब पडण्याऐवजी धारच लागली. कोपरापर्यंत दूध ओघळलं.

“निपलचं भोक मोठं केलंत!” सून ओरडली. “अशी आयती धार मिळाल्यावर ते माझ्याकडे ओढायचे कष्ट कशाला घेईल? माझं पोर तोडलंत माझ्यापासून!”

“आळ घेऊ नकोस! मला सुईत दोरा ओवता येत नाही, भोक काय पाडणार?”

सासूनं निपल खिडकीशी धरलं. बाळाला पलंगावर ठेवून सुनेनंही मान पुढं काढली. भोक अगदी गोल होतं, कडा गुळगुळीत. दोघींनी एकदम एकमेकींकडे पाहिलं. एवढं नेमकं काम करणारा हात घरात एकच होता.

सासूनं निपल मुठीत आवळलं आणि बाळाला परत सुनेच्या मांडीवर दिलं.

“रडू दे, ओरडू दे. तू हटू नकोस,” ती खेकसली. “आणि संध्याकाळी येऊ दे त्याला. आधी मी बघते. उरला तर तुझा.”