वहीतली नावं

घळीतल्या बंद पडलेल्या वीजकेंद्राच्या धरणाच्या भिंतीत मृदुलाच्या मुलाने, निमिषने, एक डबा लपवला होता. फोनमधल्या खुणेवरून अनोळखी लोकांनी तो शोधायचा आणि आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची, असा तो जिओकॅशिंगचा खेळ. निमिष अपघातात गेला आणि तिचा सगळा जीव त्या वहीत अडकला. दर महिन्याला तिचा नवरा, नंदकिशोर, तिथे जाऊन यायचा आणि सांगायचा, "साताऱ्याचे दोघं येऊन गेले." त्या दिवशी कुठे तिच्या पोटात दोन घास जायचे.

आज घळीच्या काठावर तिने स्वतः उतरायचा हट्टच धरला. "अगं, पाय घसरेल. मी बघून येतो ना," तो काकुळतीने म्हणत राहिला. ती ऐकेना. बसत, सरकत एकटीच खाली उतरली.

वहीत नावं वेगवेगळी होती, शायाही वेगवेगळ्या. पण प्रत्येक तारखेपुढे न चुकता शिफ्ट लिहिलेली होती, फर्स्ट नाहीतर सेकंड. चाकणच्या कंपनीत नंदकिशोर वीस वर्षं रजिस्टर असंच भरत आला होता.



तिने डबा होता तिथे ठेवला आणि वर हाक मारली, "अहो, पानं संपत आलीत. पुढच्या वेळी नवी वही आणा."