हवा खेळती राहावी म्हणून

स्वराज्य आलं, पाठोपाठ जळगावचा नवा आराखडाही आला. त्यात शंकरपटाच्या मैदानावर, जिथं बैलजोड्यांच्या शर्यती व्हायच्या, तिथं एकामागे एक घरांची सरळ रांग दाखवली होती. उखर्डूआबांची जोडी दर संक्रांतीला तिथंच पळायची. आबा भांडतील म्हणून ओव्हरसियरसाहेब मोजणीला येताना पोलीसच घेऊन आले.

आबा भांडले नाहीत. म्हणाले, "घरं बठ्ठी बांधा साहेब, एकही गाळू नका. फक्त प्रत्येक घराचं पुढचं दार नि मागचं दार समोरासमोर ठेवा, हवा खेळती राहते. आणि उंबरा नको, म्हातारी माणसं ठेचकाळतात."

खेड्यातल्या माणसाला हवेचं एवढं कळतं म्हणून साहेब खूश झाले. त्यांनी तसा हुकूम काढला आणि रांगेतलं मधलं घर स्वतःसाठीच मागून घेतलं.

आबांनी दिलेल्या मापाच्या चौकटी बसवताना कय्युम मिस्त्री कुरकुरला, "आबा, दारं एवढी रुंद? घरात हत्ती बांधायचाय का?"

"हत्ती कशाला रे? आपले साहेबच अंगानं भरलेले आहेत."

वर्षभरात घरं उभी राहिली, माणसं राहायला आली. संक्रांतीला साहेब बायकापोरांसह जेवायला बसले होते. दोन्ही दारं उघडी होती, हवा छान खेळत होती. तेवढ्यात पुढच्या घरातल्या सुमनबाई आपल्या मागच्या दारातून ओरडल्या,



"साहेब, ताटं उचला, जोडी सुटनी!"