मानाची बॅटरी

तिन्ही बॅटऱ्या ओटीवर ओळीने मांडून झाल्यावर वामनशेठांनी स्वतःची बॅटरी उचलली आणि इन्व्हर्टरच्या अगदी निकट ठेवली. ज्येष्ठ पुत्राची वस्तू मागे राहावी, हे त्यांच्या बुद्धीस मान्य नव्हते. इन्व्हर्टरला जाणाऱ्या लाल आणि काळ्या, दोन्ही वायरी आपल्याच बॅटरीवरून काढाव्यात, अशी आज्ञा त्यांनी हौसेराव मिस्त्रीला केली.

"लग्नाचे पत्रिकेवं पयला नाव दादाचा. आता बॅटरीन पन पयला दादाच," मधला भाऊ धनेश म्हणाला.

तिसरी बॅटरी धाकट्या रूपेशची होती. तो जहाजावर नोकरीस होता. त्याची पत्नी संध्या आतल्या खोलीत सासूपाशी होती.

आत खाटेवर जाईबाई पडून होत्या. यंत्रातला प्राणवायू नाकातील नळीवाटे त्यांना मिळत होता. मागील खेपेस रबाळ्यात वीज गेली, तेव्हा हे यंत्र बंद पडले आणि संध्याने एकटीने कोपऱ्यातला जड सिलिंडर ओढत आणून त्यांचा श्वास राखला होता. तो प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून तिघा भावांनी एकाच मापाच्या तीन नव्या लिथियम बॅटऱ्या घेतल्या होत्या.

आज सायंकाळी पावणे गावी, संध्याच्या माहेरी, तिच्या भावाची हळद होती. ती त्याची एकुलती बहीण. करवलीचा मान तिचा होता. परंतु दुपारी जेवताना वामनशेठांनी सर्वांचा निर्णय सांगून टाकला होता. आता बॅटऱ्या बसणार, आईची चिंता मिटली, तेव्हा घरातील सर्वांनी हळदीस जावे. आईपाशी संध्या तेवढी थांबेल.  दारामागे अडकवलेली पिवळी साडी संध्याने घडी घालून कपाटात परत ठेवली होती.

हौसेरावने आज्ञेप्रमाणे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडून तिन्ही बॅटऱ्या एक केल्या. मग त्याने घराचा मुख्य स्विच पाडला. पंखे थांबले. आतील यंत्राची घरघर मात्र अखंड चालू राहिली. वामनशेठांच्या मुखावर समाधान पसरले.

हौसेराव उठला नाही. त्याने चिमट्यासारखा मीटर एकेका वायरीला लावून पाहिला. पहिल्या बॅटरीचा आकडा शेवटच्या बॅटरीच्या दुप्पट होता.

"शेठ, सगळा ताण तुमच्याच बॅटरीवर येतोय. बाकीच्या दोघी निवांत हायत्या."

"मंग? थोरल्याचाच काम हाय ते."

"काम खरं. पन जी सगळ्यात जवळ, तीच आधी खंगती. सालभर कुनाला कळत बी न्हाई. लाल वायर पहिलीची घ्यावी आन् काळी शेवटचीची, मंग तिघी सारखंच वढत्यात."

वामनशेठ क्षणभर आपल्या बॅटरीकडे पाहत राहिले. मग त्यांनी मान हलवून संमती दिली. हौसेरावने वीज पूर्ववत केली, इन्व्हर्टर बंद केला, काळी वायर सोडवली आणि ती रूपेशच्या बॅटरीवर आवळली. पुन्हा स्विच पाडला. या वेळी तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले.

"वामन," आतून क्षीण हाक आली.

दोघे भाऊ आत गेले. जाईबाईंनी बोटाने नळी किंचित बाजूला सारली होती. संध्या ती पुन्हा नीट बसवू लागली, तेव्हा त्यांनी तिचे मनगट धरून ठेवले. ओटीवरील प्रत्येक शब्द त्यांना ऐकू आला होता.

"माजे सगल्यांन जवल संध्या हाय, वामन."

 संध्याने मान खाली घातली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे वामनशेठांना खिडकीच्या उजेडात प्रथमच दिसली असावीत. कारण ते बराच वेळ तिकडे पाहत होते.

मग त्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली आणि धनेशच्या हाती दिली.

"संध्याला पावन्याला सोड. करवलीशिवाय हलद कशी लागंल?"

"आन् तू, दादा?"

 वामनशेठ संध्याकडे वळले आणि ओशाळलेल्या स्वरात विचारू लागले, की यंत्राची शिटी वाजली तर काय करायचे, आईला पाणी केव्हा द्यायचे, रात्री कूस कोणत्या बाजूला वळवायची. तिने एकेक गोष्ट सांगितली. ते प्रत्येक गोष्ट पुटपुटत मनात ठेवीत होते.

संध्या कपाटातली साडी घेऊन बाहेर गेल्यावर वामनशेठ खाटेजवळच्या तिच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसले. स्टूल कुरकुरले. इतके वजन त्याने कधी पेलले नव्हते.