साहेब जेवत नाहीत

“साहेबांनी खाल्लं की मी खातो,” असं म्हणून बाबांनी भरलेलं ताट पुढे सरकवलं.

साहेब म्हणजे घरातलं कासव. उशिरा उठायचं, सावकाश चालायचं आणि हाक मारली की मान आत घ्यायची, ही लक्षणं बघून आईनेच हे नाव ठेवलं होतं. आई गेली आणि साहेबांनी अन्न सोडलं. काकडी नुसती हुंगायचे, कोबीचं पान तोंडाने ढकलून द्यायचे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सासरहून आलेली मुलगी स्वयंपाकघरात नेऊन साहेबांचं खोकं दाखवायची. मुकं जनावर, पण माया बघा, असं म्हणत माणसं डोळे पुसायची. पुढे बाबांचाही घास कमी कमी होत गेला. आता तर ते चहावरच होते.

मुलगा दातांच्या कवळ्या बनवायचा. आईला पोचवून आल्यावर दुसऱ्याच दिवशी तो कामावर गेला, कारण घरात बसून काय करायचं ते त्याला सुचेना. रडू आलंच नव्हतं. ते आत कुठेतरी अडकून बसलं होतं आणि त्याला छळत होतं. पण जे दिसत नाही ते लोक धरत नाहीत. सासरी परत जाताना बहीण दारात थांबून म्हणाली होती, “दादा, तुझ्यापेक्षा त्या कासवाला जास्त वाईट वाटलंय.” तिच्या बोलण्याला धार असायचीच, पण हे आरपार गेलं.

जनावरांच्या डॉक्टरला दाखवू या, असं त्याने सुचवून पाहिलं होतं. दुःखावर डॉक्टर काय औषध देणार, असं विचारून बाबांनी विषय मिटवला. शर्ट त्यांच्या गळ्याशी लोंबायला लागला होता. हे असंच चाललं तर आईच्या मागोमाग यांनाही पोचवावं लागणार, ही भीती मुलाला सोडत नव्हती.

आज मात्र त्याने ताटाशेजारी जागा केली आणि कासवच टेबलावर आणून ठेवलं. साहेबांनी जरा आढेवेढे घेतले, मग मान बाहेर काढली. दिवसभर लोकांच्या जबड्यांचे साचे हाताळणाऱ्याची नजर आधी तोंडावरच जाणार. वरची चोच वाढून पार खाली वळली होती. तोंड मिटलं तरी कडेला कड लागत नव्हती. पान तुटणार तरी कसं?

“बाबा, आई याला भाजी चिरून घालायची का?”

“अगदी बारीक. आणि बोटाने तोंडात सारायची. मी म्हणायचो, किती लाड करशील.”

मुलाने कामाची पेटी उघडली. चोच वाढलीय, चावता येत नाही, बाकी जनावर ठणठणीत आहे, असं त्याने घासायचं छोटं यंत्र जोडता जोडता सांगितलं. बाबांनी दोन्ही हातांनी कवच धरलं. मुलाने जबड्यामागे दोन बोटं ठेवली आणि थोडं घासून, थोडं थांबून काम सुरू केलं. जळक्या नखासारखा वास सुटला. कवळी घासताना पडते तशीच भुकटी टेबलावर पडत राहिली. त्याला बरं वाटत होतं. आई गेल्यापासून पहिल्यांदाच काहीतरी त्याच्या हातात होतं.

मग त्याने कोबीचं एक अख्खं पान पुढे धरलं. साहेबांनी लचका तोडला. थांबले. दुसरा तोडला. आणि मग ते पानावर असे तुटून पडले की मुलाला हसूच फुटलं. हसता हसता त्याने बाबांकडे पाहिलं.

बाबा हसत नव्हते.

“म्हणजे याला नुसतं चावता येत नव्हतं,” ते म्हणाले.

“हो.”

“बाकी काही नाही.”

“बाकी काही नाही, बाबा.”

बाबा शब्दाला जागले. त्यांनी ताट ओढून घेतलं आणि गार झालेलं जेवण खाली मान घालून, एखादं काम उरकावं तसं शेवटच्या घासापर्यंत संपवलं. मुलाला हवं होतं ते सगळं झालं होतं. तो हात धुवायला नळापाशी गेला.

“मला वाटलं होतं,” मागून बाबांचा आवाज आला, “तिच्यासाठी झुरणारे निदान आम्ही दोघं तरी आहोत.”

हातावरची भुकटी केव्हाच वाहून गेली होती. मुलाने मागे वळून न बघता नळ आणखी मोठा सोडला.