मिशांआडचं बोलणं

मैनेचं बोचकं अजून उंबऱ्यातच होतं आणि आत नवरा-बायकोची जुंपली होती.

“परत पाठव तिला,” बायको म्हणाली. “मला या घरात पोर नको.”

“मग माडीवरचं कोण बघणार? कामाला ठेवलेली प्रत्येक बाई बाबांचं बोलणं ऐकते आणि पुन्हा फिरकत नाही. हिला ऐकूच येत नाही.”

“म्हणूनच तर...” असं म्हणत बायकोने तोंड फिरवलं आणि पुढचं मैनेला कळलं नाही.

मैना जन्मापासून ठार बहिरी आणि मुकी. अनाथाश्रमातल्या कुणा चेष्टेखोर बाईने तिला बोलक्या पाखराचं नाव दिलं, ते चिकटलं. पण ओठ दिसले की ती माणसाचं बोलणं बरोबर टिपायची. हे तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. बहिऱ्यासमोर माणसं जिभेला लगाम घालत नाहीत, हे ती लहानपणीच शिकली होती. याआधी एका घराने तिला नेलं होतं आणि नकोशा मांजरासारखं परत आणून सोडलं होतं. या वेळी पडेल ते काम करायचं, पण उंबऱ्याबाहेर जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

नवरा सलूनवाला. रस्त्याच्या बाजूला त्याचं सलून, मागे राहायची जागा, वर माडीची एकच खोली. बायको लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायची. माडीच्या खोलीला बाहेरून कडी असायची. आत खाटेवर सलूनवाल्याचा बाप. एक बाजू लुळी, आणि जो हात चालता होता तो पट्ट्याने खाटेला बांधलेला. पट्टा घास तोंडाशी पोचेल एवढाच ढिला.

मैनेला काम खुणांनी समजावलं गेलं. ताट स्टुलावर ठेवायचं, स्टूल काठीने पुढे सारायचं, चमचा लाकडीच द्यायचा. आणि जवळ जायचं नाही. ही शेवटची खूण बायकोने पुन्हा पुन्हा केली, डोळे मोठे करून.

म्हातारा मैनेकडे बघत सारखा बोलत राहायचा. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांना धार लागायची. पण मिशा वाढून हनुवटीवर उतरलेल्या, त्या झुडपात ओठ बुडालेले. मैनेला एक शब्द लागेना. अख्ख्या गल्लीच्या दाढ्या करणारा मुलगा, आणि बापाच्या तोंडाला वस्तरा लागू नये! दिव्याखाली अंधार तो हाच, तिला वाटलं.

एकदा कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता बायको म्हणाली, “लोकांना जिन्यावरून पडल्याचं सांगितलंय ना? मग जिनाच राहू दे. आता खरं बाहेर आलं तर आपण दोघंही आत जाऊ.”

“मी कुठे तोंड उघडतोय? उघडतात ते बाबा.”

मैना समोरच घड्या घालत बसली होती. या घरात कुणीतरी मेलं होतं, आपल्या मरणाने नव्हे. म्हाताऱ्याने ते पाहिलं असणार. म्हणूनच त्याला डांबलं होतं.

बायकोचं वागणं मात्र तिला उलगडेना. हळूहळू ती मैनेचे केस विंचरू लागली. एकदा ट्रंकेतून एक फ्रॉक काढून तिने तो मैनेच्या अंगाला लावून पाहिला. बेतात बसला, तशी ती डोळे पुसत परसात निघून गेली. आश्रमातल्या मोठ्या बाई चौकशीला आल्या तेव्हा ती त्यांना म्हणाली, “आधी मीच नको म्हणत होते. आता नेलीत हिला, तर माझा जीव जाईल.”

मैनेने ते दाराआडून टिपलं. तिच्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं. म्हाताऱ्याची गोष्ट ती मोठ्या बाईंना खुणांनी सांगू शकली असती. तिने सांगितली नाही.

त्यानंतर मात्र तिला घास गोड लागेना. माडीवर गेलं की म्हाताऱ्याचे ओले डोळे तिच्या पाठीला चिकटायचे. आपल्याला घर मिळालं, ते एका जित्या माणसाला गाडून.

एका दुपारी सलून बंद करून नवरा सामान आणायला गेला आणि बायको कपडे पोचवायला. मैनेने सलूनमधून वस्तरा, साबण आणि पाण्याची वाटी उचलली. माडीवर जाऊन तिने आतून कडी घातली. मध्येच कुणी आलं तरी निदान म्हाताऱ्याचं बोलणं पुरं होईल. मग तिने त्याच्या हाताचा पट्टा सोडला. मनगटावर वळ उठले होते. तिला भडभडून आलं.

म्हाताऱ्याने हात झाडला आणि गुणी पोरासारखी मान वर केली.

फेसाबरोबर मिशांचे झुबके गळू लागले. ओठ उघडे पडले, पातळ आणि कोवळे, जणू दुसऱ्याच कुणाचे. मैनेने वस्तरा स्टुलावर ठेवला आणि ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं.

तेवढ्यात दार हलू लागलं. कडी कोयंड्यात नाचत होती. दाराच्या फटीतून बायकोची बोटं आत शिरू पाहत होती. मैनेने तिकडे पाठ केली. आता मागे फिरणं नव्हतं. हे घर सुटलं तर सुटलं. ती म्हाताऱ्याच्या तोंडाजवळ वाकली आणि तिने खूण केली, बोला.

म्हातारा हसला. त्याचा हात सावकाश स्टुलाकडे गेला. ओठ मात्र एकेक शब्द स्वच्छ सुटा करत होते.

“बरं केलंस, पोरी. माझी नात अशी जवळ आली होती, त्यानंतर या दोघांनी कुणाला माझ्याजवळ येऊच दिलं नाही.”